फ्रीजरमधले चार डोनट

गहू माझ्या पोटाला चालत नाही. हे एवढं साधं वाक्य गेल्या चार वर्षांत मी इतक्या जणांना सांगितलंय की आता सांगताना माझाच आवाज मला एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा वाटतो. आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. नाव सांगितलं तर लोक विसरतात, म्हणून मी सांगतच नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, टोस्ट, सगळं जन्मभर बंद, एवढंच सांगते. त्यावर समोरचा हमखास म्हणतो, "हात्तिच्या, मग आपल्याकडे काय प्रश्न? आपण भातवाले."

गेल्या महिन्यात कोल्हापूरला तपासणीसाठी गेले होते. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर चिपळूणकडची एक मुलगी रिपोर्ट हातात घेऊन रडत बसली होती. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही बोला जरा हिच्याशी." मी बोलले. पाकिटावरची बारीक अक्षरं वाच, तवा वेगळा ठेव, हिंग बघून घे, असं सगळं सांगितलं. परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. ते एका डोनटच्या खोक्याबद्दल होतं आणि बाकावर बसून पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते.

आधीचं थोडंसं

मी वैशाली. रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवायची कंपनी आहे, तिथे क्वालिटीला काम करते. कोळंबी, माकूल, सुरमई गोठवून बाहेर जाते. माल वाटेत कुठे वितळून परत गोठला नाही ना, हे बघणं माझं काम. नवरा सुरेश बोटीवर फिटर आहे, वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. मुलगी सई पुण्याला शिकते. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते.

दीड वर्ष माझं वजन उतरत होतं. बायका म्हणायच्या, छान बारीक झालीस. मग जिना चढताना मध्येच बसायला लागले, तेव्हा म्हणायच्या, नवरा बोटीवर, काळजी लागते बाईला. शेवटी रक्त इतकं कमी झालं की इथल्याच एका हॉस्पिटलात आठ दिवस ठेवलं आणि रक्ताच्या पिशव्या चढवल्या.

त्या आठ दिवसांतलं मला फार आठवत नाही, पण वेळापत्रक आठवतं. सहाला थर्मामीटर, आठला चहा-बिस्किट, साडेबाराला दोन पोळ्या नि भाजी, चारला पुन्हा चहा. आणि प्रत्येक वेळेनंतर पोटात कळ. शेजारच्या खाटेवर देवरूखच्या एक आजी होत्या. माझ्याजवळ कुणी बसायला नाही हे बघून त्या रोज उठून माझ्या खाटेपाशी यायच्या, चहात टोस्ट बुडवायच्या आणि मला भरवायच्या. "खा गो, अंगात काय उरलंय तुझ्या," म्हणायच्या. मी खायचे आणि तासाभराने संडासाकडे पळायचे. त्या माऊलीला काय माहीत आणि मला तरी काय माहीत. पण खरं सांगते, त्या टोस्टची आठवण मला आजही गोडच वाटते.

निदानाचा दिवस

कोल्हापूरला एकटीच गेले. सुरेश तेव्हा ब्राझीलच्या जवळ कुठेतरी होता, सईची परीक्षा होती, आईंना घाटाची गाडी लागते. तिथे डॉक्टरांनी घशातून नळी घातली, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा एकटीच गेले.

मी पहिला प्रश्न विचारला, "कॅन्सर नाही ना?"

"नाही हो. तुमच्या आतड्याला गहू सोसत नाही. आजपासून गहू बंद. कोकणातल्या माणसाला काय अवघड आहे त्यात?"

मला इतका आनंद झाला की पाय जमिनीवर ठरेनात. स्टँडवर आले, भूक लागली होती, गाडीला वेळ होता. गरमागरम वडापाव घेतला आणि बाकावर बसून चवीने खाल्ला. गहू बंद म्हणजे पोळी बंद, असंच डोक्यात. पाव हा पाव असतो, तो गव्हाचा असतो हे माझ्या ध्यानीमनीही नाही. वाटेत साखरप्याला पोचेपर्यंत मला कळून चुकलं. कंडक्टरने माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवली, तीही कुरकुर न करता.

हिंग

घरी आल्यावर आईंनी हा आजार माझ्यापेक्षा चांगला समजून घेतला. त्यांनी त्याला उपासाच्या हिशोबात बसवलं. उपासाला काय चालतं, काय नाही, कुठलं भांडं कशाला लागलं, हे त्यांना जन्मभराचं पाठ. माझ्यासाठी नवा तवा, नवं कालथं, नवी परात आली. रवा लावून मासे तळायचं त्यांनी बंद केलं आणि तांदळाचं पीठ लावायला सुरुवात केली. शेजारची बाई पुरणपोळी घेऊन आली तर तिला दारातच थोपवायच्या. "हिला बारा महिने उपास हाय," असं सगळ्यांना सांगायच्या.

आणि तरीही नऊ महिन्यांनी माझे रिपोर्ट तसेच वाईट आले. डॉक्टर माझ्याकडे संशयाने बघायला लागले. "बाहेर काही खाताय का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग घरात बघा."

घरात बघायचं म्हणजे आईंकडेच बघायचं. मी वाकडा विचार करत राहिले. त्यांना माझा अशक्तपणा बघवत नव्हता, म्हणून भाकरी मऊ व्हावी, ताकद यावी यासाठी मूठभर कणीक घालत असतील का? एक दिवस सरळ विचारलं. "आई, माझ्या भाकरीत तुम्ही गव्हाचं पीठ घालता का?"

त्यांनी हातातला डाव ओट्यावर ठेवला आणि बाहेर जाऊन पडवीत बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत.

उलगडा झाला तो उपासामुळेच. संकष्टीला आणि एकादशीला माझं पोट शांत असायचं. आई म्हणायच्या देवाची कृपा. मी क्वालिटीची बाई, वही काढली आणि लिहायला बसले. उपासाच्या दिवशी कुठल्या वस्तू माझ्या पोटात जात नाहीत? मासळी, डाळ, हळद, मोहरी, हिंग. एकेक पाकीट उलटं करून वाचलं. हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की आत गव्हाचं पीठ आहे. आईंची फोडणी हिंगाशिवाय होत नाही. नऊ महिने, दोन वेळा, चिमूट चिमूट.

इथे माझी चूक झाली, ती लिहायलाच हवी. कंपनीत एखाद्या लॉटमधली खोट सापडली की आम्ही ती मोठ्याने सांगतो, शाबासकी मिळते. मी तशीच नाचत स्वयंपाकघरात गेले, डबी दाखवली आणि म्हटलं, "आई, सापडलं. तुमच्या हिंगानेच घात केला." हसत म्हटलं होतं. त्यांनी डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, वाचता आली नाही तरी बघत राहिल्या.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या जेवणाला हात लावला नाही.

वेगळं पान

तब्येत सुधारली. वजन वाढलं, रक्त वाढलं, पुढचे रिपोर्ट स्वच्छ आले. माझं फडताळ वेगळं, डबे वेगळे, भांडी घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. मी आधी जेवायची, ओट्याजवळच्या छोट्या टेबलावर. माझं आवरलं की आई त्यांची पोळी करायला घेणार आणि बाहेरच्या खोलीत जेवणार. मला ताप आला तरी त्या दारातून विचारायच्या, पेज कशी करायची ते सांग, मी शेजारच्या बाईला सांगते. स्वतः करायच्या नाहीत. मला वाटायचं, ठीक आहे, सुरक्षित आहे.

बाकीचेही शहाणे झाले. कंपनीत शबाना आणि मी पंधरा वर्षं एकत्र डबा खात आलो. तिच्या डब्यात चपाती असते म्हणून ती आता टेबलाच्या त्या टोकाला बसते, माझ्या डब्यावर कण उडू नये म्हणून. मीच सांगितलं होतं तसं. सई घरी आली की माझ्या ताटाजवळ येत नाही. लग्नाला गेले की मी पर्समधून डबा काढते आणि यजमानीण मला पंख्याखाली वेगळी खुर्ची देते. सगळे इतके नीट वागतात की तक्रार कुणाविरुद्ध करायची?

पण तीन वर्षांत कुणी माझ्या ताटातलं काही उचललं नाही. कुणी म्हटलं नाही, बघू गो, कसं झालंय? कुणी आपल्यातला घास माझ्या पानात टाकला नाही. आमच्या घरात आधी असं नव्हतं. आई तर माशाच्या गाबोळीचा तुकडा स्वतः अर्धा खाऊन उरलेला माझ्या पानात ढकलायच्या. आजाराने मला मारलं नाही, पण जेवायला बसलं की मी त्या घरात आहे की नाही असं मला वाटायचं. हे मी कुणाशी बोलले नाही. बोलून काय, लोक माझ्याच भल्यासाठी करत होते.

सुरेश सुट्टीवर यायचा तेव्हा मुंबईच्या विमानतळावर डोनटचा खोका घ्यायचा, ही त्याची जुनी सवय. रत्नागिरीत उतरेपर्यंत वरची साखर वितळून खोक्याला चिकटलेली असायची आणि आम्ही चौघं पडवीत बसून बोटं चाटत खायचो. निदान झाल्यावर त्याने ते आणणं बंद केलं. मी म्हटलं, "आईंसाठी, सईसाठी आण की." तो म्हणाला, "तुझ्यासमोर कसं खायचं?" त्याच्या सुट्टीची आठवण म्हणजे ते डोनट होते, तेही गेले.

खोका

मारुती मंदिरच्या बाजूला एक नवीन सुपरमार्केट झालं आहे. एका शनिवारी कामावरून परतताना मी तिथे साबण घ्यायला शिरले आणि सवयीने फ्रीजरच्या काचेपाशी थांबले. दुसऱ्याचा फ्रीजर दिसला की थर्मामीटरचा आकडा बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. उणे अठरा होता, ठीक. मटार, पराठे, कबाब, आणि अगदी खालच्या कप्प्यात एक पांढरा खोका. ग्लुटेनमुक्त डोनट, चार नग.

मी तिथे गुडघ्यावर बसले. सगळी बारीक अक्षरं वाचली, दोनदा. तांदळाचं पीठ, टॅपिओका म्हणजे साबुदाण्याचंच पीठ, साखर, अंडं. मग खोका कानाशी धरून हलवला. चारही वेगवेगळे खडखडले. कोळंबीचं असंच असतं, सुटी वाजली तर माल चांगला, मुकी लादी झाली असेल तर वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलेली. पलीकडे उभी असलेली एक बाई माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होती. मी खोका छातीशी धरून काउंटरवर गेले. साबण घ्यायचा राहिला.

घरी येईपर्यंत मी मनात काय काय योजलं होतं. उद्या रविवार. दुपारी चहाबरोबर काढायचे. आईंना एक, मला एक. गव्हाचा कण नाही, त्यामुळे त्यांना भीती नाही, मला भीती नाही. तीन वर्षांनी दोघींनी एका ताटलीतून काहीतरी खायचं. एवढंच हवं होतं मला. डोनट हे निमित्त.

भोक

खोक्यावर चित्र होतं. आईंनी ते बघितलं आणि विचारलं, "काय गो ह्ये?"

"डोनट. सुरेश आणायचा ना, तसले. हे मला चालतात."

"सुरेश आणायचा ते भरलेले असायचे. गोल, लाडवासारखे. ह्यांला मधी भोक हाय."

ते खरं होतं. सुरेश नेहमी आत जॅम भरलेले आणायचा, ते माझ्या लक्षातच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घराण्यात वड्याला मध्ये भोक पाडतात ते फक्त पितरांच्या म्हाळाला आणि बाराव्याला, गेलेल्या माणसाच्या पानात वाढायला. सणाला, पाहुण्याला, जावयाला वडे करताना भोक पाडायचं नाही. लहान मुलीने खेळताना वड्यात बोट घातलं तरी तिच्या हातावर चापट बसते.

"म्हाळ नाय, बारावं नाय, नि घरात भोकाचे वडे?" आई म्हणाल्या. "पोरगा माझा बोटीवर हाय. काय मनात आणून आणलेस तू ह्ये? टाक ते भायेर."

"आई, तो वडा नाही. साहेबलोकांचा पदार्थ आहे."

"कुणाचा का असेना. भोक ते भोक. मी हात लावायची नाय, नि ह्या घरात ठेवायचे नायत."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. बोटीच्या बाबतीत आई हळव्या आहेत, सासरे समुद्रावरून परत आले नव्हते. मला सगळं माहीत होतं. पण वाटभर मी मनात जी एक ताटली मांडत आले होते ती एका क्षणात कुणीतरी उचलून ठेवल्यासारखं झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग बरोबरच आहे की. गेलेल्या माणसाचं पान वेगळं वाढतात. त्याला कुणी शिवत नाही, त्याच्या शेजारी बसून कुणी जेवत नाही. तीन वर्षं ह्या घरात माझं तसंच पान आहे. भोकाचे वडे मला नाही तर कुणाला?"

आई वळून बाहेरच्या खोलीत गेल्या. मी खोका माझ्या मासळीच्या टोपलीमागे फ्रीजरमध्ये कोंबला. बोललेलं परत घेता येत नाही. घ्यावंसं वाटलं तरी मी घेतलं नाही, हेही खरं.

चव

ज्यांना फक्त डोनटचं जाणून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. खोक्यावर लिहिलंय की काढून पाऊण तास बाहेर ठेवा. ते कुठल्यातरी थंड देशाचं गणित आहे. आमच्या हवेत वीस मिनिटांत वरची साखर घामाघूम होते आणि चाळिसाव्या मिनिटाला डोनट ताटलीला चिकटतो. पंधरा मिनिटं बाहेर, मग तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर, हे सगळ्यात बरं. पहिला घास चांगला लागतो, दुसराही. तिसऱ्याला तो टाळूला चिकटतो, कारण गव्हाचा लवचीकपणा त्यात नाही, तांदळाचा रवाळपणा नाही पण भुसभुशीतपणा आहे. विमानतळावरच्या डोनटशी तुलना करू नका. आपल्या घारग्याशी केली तर निराशा कमी होईल.

पहिला मी रविवारी दुपारी खाल्ला, छोट्या टेबलावर, एकटीने. आई पडवीत होत्या. पोट शांत राहिलं.

दुसरा सोमवारी डब्यातून कंपनीत नेला, शबानाला अर्धा द्यायचा म्हणून. "चालतो तुला हा, मलाही चालतो," मी म्हटलं. ती मागे सरकली. "नको गो. तुझे मुळात चार. तुला केवढ्या मुश्किलीने मिळालेत. तू खा पोटभर." मी आग्रह केला तर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत एवढी माया होती की मी डबा परत माझ्याकडे ओढला. तोही मी एकटीनेच खाल्ला, समोर तिला बसवून.

सईला फोटो पाठवला. तिने टाळ्यांची चित्रं पाठवली आणि लिहिलं, आई, सगळे तूच खा हं, कुणाला देऊ नकोस.

आजारी माणसाकडून कुणी काही घेत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळे देतात. जागा देतात, खुर्ची देतात, सल्ला देतात, आपला वाटा सोडून देतात. माझ्याजवळचं काही कुणाला नको असतं. चिपळूणच्या त्या मुलीला मला हे सांगायचं होतं. पथ्याची सवय होते, ह्याची होत नाही.

व्हिडिओ कॉल

आठ दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. गॅस संपला. दूधवाला आला नाही. पुढच्या रविवारी दुपारी सुरेशचा फोन आला, बोट सिंगापूरला लागली होती आणि नेट चांगलं होतं. मी तिसरा डोनट ताटलीत घेऊन फोनसमोर बसले. आई कोपऱ्यात वाती वळत होत्या.

सुरेशने ताटली बघितली आणि खूष झाला. "अरे वा. आमच्याकडेही आज तेच. कुक दर रविवारी करतो." त्याने फोन फिरवला. मेसच्या टेबलावर मोठ्या परातीत डोनट रचलेले होते, प्रत्येकाला मध्ये भोक.

मी आईंकडे बघितलं नाही. वातींचा हात थांबला एवढं मला समजलं.

"आई, बघितलंस का?" तो तिकडून ओरडला. त्याला आमच्यातलं काही माहीत नव्हतं. "रोज घरची भात-आमटी आठवत असते, पण रविवारचे हे बरे असतात."

आई फोनजवळ आल्या. त्यांनी परात निरखून बघितली. त्या आता रागावतील, रडतील, निदान मीठमोहऱ्या उतरायला उठतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "एकटाच खातस काय रे?"

"एकटा कशाला? दहा-बारा पोरं असतो. एक उचलला की दुसरा त्यातला तोडतो. शिल्लक कुठे राहतात?"

"बरं," आई म्हणाल्या आणि परत कोपऱ्यात जाऊन बसल्या. मी माझा डोनट सुरेशच्या चेहऱ्याकडे बघत संपवला. मध्येच नेट अडकलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी थांबून वाट बघितली, पण फोन काही परत लागला नाही.

चौथा

बुधवारी येताना सुपरमार्केटात डोकावले. खालच्या कप्प्यात पराठे लावलेले होते. काउंटरवरची बाई म्हणाली, "ते डोनट? फक्त तुम्हीच एक खोका नेलात. बाकीचे परत पाठवले." मी बरं म्हटलं. साबण तेवढा आठवणीने घेतला.

त्या दिवशी कंपनीत एक लॉट फेटाळावा लागला होता, उभं राहून पाय सुजले होते. घरी आल्यावर चौथा काढून ताटलीत ठेवला. मागे ठेवून तरी कुणासाठी ठेवायचा? चहाचं आधण टाकलं आणि स्टुलावर बसून राहिले.

आई स्वयंपाकघरात आल्या. मी स्वयंपाकघरात असताना त्या येत नाहीत, म्हणून मी उठायला लागले. त्यांनी हाताने बस म्हटलं. मग बेसिनपाशी गेल्या आणि मी आणलेला नवा साबण फोडला. आधी पंजे धुतले, मग मनगटं, मग कोपरापर्यंत, जसे आमच्या कंपनीत आत जाताना धुवावे लागतात. एकदा धुऊन पुन्हा एकदा धुतले. माझ्या फडताळाजवळचा माझा पंचा घेऊन हात पुसले. तोवर चहा उतू गेला होता, पण मी उठले नाही.

त्या ओट्यापाशी आल्या, डोनट दोन्ही हातांनी उचलला आणि मधोमध मोडला. एक तुकडा माझ्या ताटलीत ठेवला, एक स्वतःच्या हातात धरला.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता भोक हाय काय?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी घास घेतला. तोंड वाकडं केलं. "गोड मिट्ट. नि टाळूला चिकटतं."

"हो," मी म्हटलं.

त्या उभ्यानेच आणखी एक घास खाल्ला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिंग मी चिमटीनं घालायची. ह्याच बोटांनी. मला भ्या वाटतं गो तुझ्या पानात हात घालायला. अजून वाटतं."

मला त्या क्षणापर्यंत हे माहीत नव्हतं. तीन वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "आई, मी त्या दिवशी हसत सांगितलं ते चुकलं माझं." त्यांनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"आणखी किती हायत?"

"हा शेवटचा. दुकानातले पण संपले."

"मग आधी नाय सांगायचंस?" त्या चिडल्या. खऱ्याच चिडल्या, पूर्वी चिडायच्या तशा. "मी कशाला खाल्ला असता?" आणि हातात उरलेला तो एवढासा तुकडा, दोन बाजूंनी दात लागलेला, त्यांनी माझ्या ताटलीत टाकला.

"खा," म्हणाल्या.

मी माझा अर्धा तसाच ठेवला आणि आधी तो खाल्ला.